सोसायटीचं काम, फुकटचा वेळ आणि एक दोनशे पानी वही

वरची_टाकी | १८ सप्टेंबर २०२४, रात्री ११:२०

काल बाप्पा गेले. आज महिन्याभरात पहिल्यांदा निवांत बसलेय, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

डोंबिवलीत चाळीस घरांची आमची बिल्डिंग, १९९१ची. दोन विंग, लिफ्ट नाही. तीन वर्षांपूर्वी सभेत "सेक्रेटरी कोण होतंय?" असं विचारल्यावर सगळ्यांनी एकदम आपापल्या चपलांकडे बघितलं. मी तेवढी पंख्याकडे बघत होते. झाले सेक्रेटरी.

मी घरून जीएसटीची आणि हिशोबाची कामं करते. सात-आठ दुकानदार आहेत, जुने. "तुम्ही काय घरीच असता" हे वाक्य तेव्हापासून आठवड्यातून चारदा ऐकते.

मे महिन्यात नवऱ्याशी वाजलं. तो म्हणाला, "अगं, दिवसाला पंधरा मिनिटांचं काम आहे ते, तूच पसरवून ठेवतेस." मी काही बोलले नाही. मुलाची एक दोनशे पानी वही अर्धी कोरी होती, ती घेतली आणि १ जूनपासून सोसायटीसाठी गेलेलं प्रत्येक मिनिट लिहायला लागले. टँकरवाल्याचा सकाळी सहा दहाचा फोन: ४ मिनिटं. बी विंगमधल्या ३०२च्या बाथरूममधून २०२च्या छतावर गळती, दोघांना समोरासमोर बसवणं: १ तास १० मिनिटं. ग्रुपवर "कचरा कोणी ठेवला" या विषयावर शांतता प्रस्थापित करणं: ३५ मिनिटं.

३१ ऑगस्टला बेरीज केली. ब्याण्णव दिवस, १४३ तास. म्हणजे रोज दीड तास, रविवार धरून. मी दुकानदारांना तासाला पाचशेच्या हिशोबाने बिल लावते. गुणाकार करा: ७१,५००. नवऱ्याने वही उघडली, चार पानं वाचली आणि म्हणाला, "चहा टाकू का?"

पण आकडा हा मुद्दा नाही. मुद्दा वीस ऑगस्टचा आहे. डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायला, सगळ्या घरांचे इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचे उतारे लागतात. आमचा बिल्डर केव्हाच गाशा गुंडाळून गेलाय, जमीन अजून जुन्या मालकाच्या नावावर, त्यामुळे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केल्याशिवाय गत्यंतर नाही. सहा घरांचे जुने कागद सापडत नव्हते, म्हणून त्या दिवशी नोंदणी कार्यालयात दिवसभर उभी होते. २० तारीख म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, ३बी, भरायची शेवटची तारीख. एका स्टेशनरीवाल्याचं रिटर्न राहिलं. बावीसला भरलं. दिवसाला पन्नासप्रमाणे शंभर रुपये लेट फी आणि किरकोळ व्याज, ते मी माझ्या खिशातून दिलं. माणूस भला आहे, एक अक्षर बोलला नाही. या महिन्यात त्याने काम दुसरीकडे दिलं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. हा वेळ मी दिला की तो माझ्याकडून गेला? तुमच्यातले जे असं काही करतात, मंडळ, शाळा, ट्रस्ट, काहीही, त्यांनी कुठे रेघ मारली?

कोकमसरबत | १८ सप्टेंबर, रात्री ११:४१

पंख्याकडे बघत होते 😄😄

आमच्याकडे मी खजिनदार. वही करायची हिंमत नाही, बेरीज बघून घटस्फोट होईल.

स्पष्टवक्ता_७६ | १९ सप्टेंबर, सकाळी ७:०५

राग मानू नका, पण कोणी निमंत्रणपत्रिका पाठवली होती का? जमत नसेल तर राजीनामा द्या. सेवा करायची आणि वर तासांची वही ठेवायची, याला सेवा म्हणत नाहीत. गाडगेबाबांनी खराट्याचे तास मोजले होते का? शिवाय सेक्रेटरीला पार्किंगची पहिली जागा मिळते हे सगळ्यांना माहीत आहे.

वरची_टाकी | १९ सप्टेंबर, सकाळी ७:५०

माझ्याकडे स्कूटर आहे. ती रस्त्यावर उभी असते.

राजीनाम्याचं म्हणाल तर कमिटीची मुदत पाच वर्षांची, दोन बाकी आहेत. मी सोडलं तर कन्व्हेयन्सची फाईल कपाटात जाईल आणि पुनर्विकासाच्या वेळी सगळे डोक्याला हात लावतील. त्यात माझंही घर आहे.

कोकमसरबत | १९ सप्टेंबर, सकाळी ८:१०

@स्पष्टवक्ता, गाडगेबाबा गाव झाडायचे ते बघून गावाने हातात खराटा घ्यावा म्हणून. ३०२चं सिंक साफ करत नव्हते.

एनएसएसवाला | १९ सप्टेंबर, सकाळी ९:३२

आम्हाला कॉलेजात एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाला १२० तास भरावे लागतात, दोन वर्षांचे २४०, शिवाय सात दिवसांचं कॅम्प. मग सर्टिफिकेट. ताई, तुमचे तीन महिन्यांत १४३ झाले. तुम्हाला दोन सर्टिफिकेटं द्यायला हवीत.

(आमच्यातले निम्मे तास रजिस्टरमध्येच होतात ही गोष्ट वेगळी.)

घोणस_नव्हे_अजगर | १९ सप्टेंबर, दुपारी २:१५

ताई, मी सांगली जिल्ह्यातला. सूतगिरणीत शिफ्टला जातो आणि अकरा वर्षं साप पकडतो. तुमचं वाचून माझंच वाचल्यासारखं झालं.

आमच्याकडं जून ते सप्टेंबर फोन थांबत नाही. बिळात पाणी शिरलं की जनावर बाहेर येणार, ते कोरड्या जाग्याला म्हणजे माणसाच्या घरात जाणार. गेल्या साली रात्री अडीचला फोन. "नाग हाय, लवकर या, लेकरं हायत घरात." सतरा किलोमीटर, पाऊस, गाडीचा लाईट मिणमिणता. जाऊन बघतोय तर कोंबड्यांच्या खुराड्यात धामण. बिनविषारी, गरीब जनावर, अंड्याला आलेलं. पकडली, पिशवीत घातली. घरमालकानं चहा दिला, फोटो काढले, पाठीवर थाप मारली, "लई मोठं पुण्याचं काम करताय." पेट्रोलचं कुणी नाव काढलं नाही. सकाळची शिफ्ट बुडाली, खाडा लागला. वनखात्याला कळवायचं, नोंद करायची, त्याच भागात नेऊन सोडायची, त्यात अकरा वाजले. आणि परत येताना त्याच घरापुढं डिश टीव्हीवाला उभा, सिग्नल बघायला आलेला. त्याला मालक साडेतीनशे मोजून देत होता. माझ्यासमोर.

राग मालकाचा आला नाही, खरं सांगतो. त्या डिशवाल्यानं फोनवरच सांगितलेलं, यायचे साडेतीनशे. मी काय सांगितलेलं? "आलोच."

आता मी तीन गोष्टी करतो. पहिली, फोनवर म्हणतो लांब उभं राहून फोटो पाठवा, दार ओढून घ्या, एका माणसानं नजर ठेवा. फोटोत निम्मे वेळा बिनविषारी दिवड नाहीतर तस्कर निघतो. पाण्याची दिवड असली तर म्हणतो, आपली वाट धरंल ती, झाडू घेऊन मागं लागू नका. निम्म्या फेऱ्या तिथंच वाचतात. दुसरी, गावाबाहेर असलं की सांगतो, पेट्रोलचे दोनशे लागतील. सापाचे पैसे घेत नाही, कधीच नाही. वन्यजीव कायदा १९७२चा आहे, रानातलं जनावर काही माझ्या दुकानातला माल नाही, त्याच्यावर मी भाव लावणार नाही. पण गाडी पाण्यावर चालत नाही. दोनशे म्हटल्यावर चारातला एक जण म्हणतो, "राहू दे, गेला वाटतं." म्हणजे इतका वेळ तो गेला नव्हता आणि दोनशे ऐकून गेला.

तिसरी, मण्यार, फुरसं, घोणस नाहीतर खरा नाग असला की यातलं काही नाही. गाडी काढायची. मण्यार अंथरुणात येते, चावलेलं कळतसुदा नाही. तिथं पेट्रोलचं तोंडातनं काढत नाही मी.

बायको म्हणते तिन्ही सोडून चौथी करा, फोन बंद. ते होत नाही.

निवृत्त_लेखणी | १९ सप्टेंबर, रात्री ९:०२

हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ तशीच बसले. @घोणस, "मी काय सांगितलेलं? आलोच." याच्यावर मला लिहायचं आहे.

मी पुण्यात असते. बँकेतून निवृत्त झाल्यावर अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून जाते. सहा वर्षं झाली. बाहेरून सोपं दिसतं: मूल सांगणार, आपण लिहायचं. प्रत्यक्षात तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, कारण तासाला वीस मिनिटं जादा असतात (आणि ती हवीतच). जाण्या-येण्याचे दोन तास. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक नेणार असेल तर त्याचं शिक्षण परीक्षेच्या पातळीपेक्षा खाली असावं लागतं. त्यामुळे मी बी.कॉम. असून बी.कॉम.च्या मुलांना चालत नाही, एम.ए.च्या मुलांना चालते, आणि ज्यांना मी चालते त्यांच्या विषयातली स्पेलिंगं मला येत नाहीत. एकदा एका मुलाने "हर्मेन्यूटिक्स" तीन वेळा अक्षर-अक्षर करून सांगितलं, शेवटी आम्ही दोघंही हसायला लागलो आणि पर्यवेक्षकांनी डोळे वटारले.

एका कॉलेजातून मला फोन यायचे, नेहमी आदल्या रात्री. "मॅडम, उद्या अकराला पेपर आहे, तुमच्याशिवाय कोणी नाही." पहिली दोन वर्षं मी जात राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ दोनदा रद्द केली, नणंदेच्या मुलीचं केळवण चुकवलं. मग मी नियम केला, तीन दिवस आधी कळवा. तोही अगदी ठणकावून.

आणि एका ऑक्टोबरात रात्री नऊला फोन आला. मी नियम सांगितला आणि ठेवला. फार समाधान वाटलं, खोटं नाही सांगत. चार दिवसांनी कळलं की त्या मुलीला लेखनिक मिळाला तो सव्वाबाराला. सव्वा तास ती रिकाम्या बाकावर बसून होती. वेळ वाढवून दिला म्हणतात. पण बसून होती.

मी कॉलेजला धडा शिकवायला गेले आणि तो शिकावा लागला तिला. मग विचार केल्यावर लक्षात आलं, वेळापत्रक मुलांच्या हातात पंधरा-वीस दिवस आधीच असतं. आयत्या वेळी जागं होतं ते ऑफिस. आता मी माझा नंबर थेट मुलांना देते. नियम तसाच आहे, तीन दिवस आधी. गेल्या दोन वर्षांत एकाही मुलाने तो मोडला नाही. त्यांना दुसऱ्याच्या वेळेवर अवलंबून राहण्याचा अनुभव आपल्यापेक्षा जास्त आहे. ऑफिसचे फोन मी घेत नाही.

पैसे घेत नाही. पेढे घेते.

स्पष्टवक्ता_७६ | १९ सप्टेंबर, रात्री ९:३०

हे मान्य. हे पटलं.

एडिसनकर | २० सप्टेंबर, पहाटे ५:४४

न्यू जर्सीतून. दर रविवारी मराठी शाळेत दुसरीच्या मुलांना शिकवते. दोन तासांचा वर्ग. त्यासाठी शनिवारी रात्री "ळ" आणि "ल"चे पत्ते कापत बसणं कोण मोजतं?

इथे मोजतात खरं. स्वयंसेवकाच्या एका तासाची किंमत म्हणून दर वर्षी एक आकडा जाहीर होतो, २०२३साठी तो ३३.४९ डॉलर आहे. संस्था तो अहवालात घालतात, अनुदान मागताना दाखवतात. माझ्या नवऱ्याची कंपनी तर त्याने नोंदवलेल्या तासांवर मंडळाला देणगी देते, म्हणून तो नाटकाच्या वेळी खुर्च्या लावतो तेही ॲपमध्ये टाकतो. आणि कराच्या वेळी? वेळेची वजावट शून्य. गाडी नेली असेल तर मैलाला १४ सेंट. म्हणजे सरकारलेखी घोणसदादांचाच हिशोब: सापाचे काही नाही, पेट्रोलचे घ्या.

पण मला आवडलं ते वेगळं. आमच्या शाळेत तास लिहून ठेवायला लागलो तेव्हा दिसलं की दोन बाया मिळून साठ टक्के काम करतात. त्यातली एक मी नव्हते, आणि मला वाटत होतं मीच आहे.

वरची_टाकी | २० सप्टेंबर, सकाळी ८:२२

@एडिसनकर, आपल्याकडे उलट आहे. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्यावरच्या खर्चात, कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांचे पैसे करून ते खर्चात दाखवता येत नाहीत. हिशोबनीस म्हणून मला ते बरोबर वाटतं, नाहीतर खुर्च्या लावण्याची बिलं कोटीत गेली असती.

शेवटच्या वाक्यासाठी मात्र धन्यवाद. ते वाचून आत्ता वही परत काढली. कन्व्हेयन्स: ३३ तास. हिशोब आणि बिलं: २६. प्लंबर, टँकर, वायरमन: २९. मीटिंगा: १४. उरलेले ४१ तास फोन आणि ग्रुप. कन्व्हेयन्सच्या तेहतीस तासांचं मला काहीच वाटत नाही, वीस ऑगस्ट धरूनसुद्धा. जीव जळतो तो त्या ४१वर. त्यातले बहुतेक फोन "वॉचमनला सांगा ना" या जातीचे. वॉचमन खाली, ते पहिल्या मजल्यावर, मी चौथ्या.

गळतीचंही तेच. संडास, बाथरूम, सिंकमधून होणारी आतली गळती ज्याच्या घरातून होते त्याने दुरुस्त करायची, उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, सरळ लिहिलंय. माझं काम एका पत्राचं होतं. मी समेट घडवत बसले, कारण दोन्हीकडे चकली छान मिळते.

दुष्काळी_माण | २० सप्टेंबर, दुपारी १२:५०

सगळं वाचलं. एक गोष्ट सांगतो, पटली तर बघा.

आमचं गाव माण तालुक्यातलं. वॉटर कपच्या, म्हणजे गावांनी पाणी अडवायच्या स्पर्धेत उतरलं होतं तेव्हा मी अकरावीत होतो. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस श्रमदान. ऊन इतकं की पहाटे आणि रात्री चांदण्यात खणायचं. सीसीटी म्हणजे उतारावरचे आडवे चर, आणि बांध. काम घनमीटरवर मोजायचे, टेप लावून. शहरातून माणसं यायची, टोपी घालून, दोन तास खोरं मारून, फोटो काढून जायची. चांगली माणसं होती, त्यांना नावं ठेवत नाही. एक रविवार देणं हेही देणंच.

माझी आई पंचेचाळीसमधले तीस दिवस गेली. आम्हाला जमीन नाही. आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची, तेव्हा बाईमाणसाचा रोज दोनशे. रात्री खणायची आणि सकाळी अंग उचलायचं नाही, मग रोज बुडायचा. कुणी विचारलं नाही की तुझं काय बुडालं. तिनंही मोजलं नाही. मी मोजलं, वहीच्या मागच्या पानावर.

पुढच्या साली पाणी आलं. टँकर दोन महिने उशिरा लागला. विहिरी भरल्या. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्या.

आई म्हणते परत असलं काही निघालं तर ती परत जाईल, हंडा तिच्याच डोक्यावरचा उतरला. ते खरंच आहे. पण इथं तासाला पाचशे आणि तेहतीस डॉलर वाचताना मला तिचे तीस दिवस आठवले, एवढंच. वेळ ज्याच्याकडं आहे त्याचा फुकट वेळ वेगळा, आणि ज्याच्याकडं वेळ म्हणजेच रोज आहे त्याचा वेगळा.

कोकमसरबत | २० सप्टेंबर, दुपारी १:१५

…

यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आईंना नमस्कार सांगा.

खजिनाखाली | २१ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

उशिरा आलो. टाकीताई, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत असेल ना? तिथे मानधनाचा विषय घ्या. सर्वसाधारण सभेने ठरवलं तर पदाधिकाऱ्यांना मानधन देता येतं, उपविधीत सोय आहे.

सावधगिरीची एक सूचना. आमच्याकडे सेक्रेटरींना महिना दोन हजार सुरू केले. आधी लोक म्हणायचे "बिचारे किती करतात". पुढच्या महिन्यापासून "पगार घेता ना?" एका बाईंनी तर त्यांना रात्री बल्ब बदलायला बोलावलं. सहा महिन्यांत त्यांनी पैसे नाकारले, तरी बाईंचा बल्ब चालूच.

वरची_टाकी | २९ सप्टेंबर, रात्री १०:४८

आज सभा झाली. वृत्तांत द्यायलाच हवा.

गणसंख्या पहिल्यांदा भरली नाही. अर्धा तास थांबून त्याच जागी परत. वही नेली होती. हिशोबपत्रक संपल्यावर म्हटलं, दोन मिनिटं द्या, आणि पाच आकडे वाचून दाखवले. रुपये वाचले नाहीत. दुष्काळी_माण यांचं वाचल्यापासून तो ७१,५००चा आकडा मला उच्चारवतच नव्हता.

थोडा वेळ शांतता. मग ए विंगमधून, "पण मॅडम, तुम्ही घरीच असता." हसले लोक. मीही हसले, काय करणार. तळमजल्यावरचे ऐंशी वर्षांचे काका उठले. मला वाटलं आता बाजू घेतील. ते म्हणाले, "माझ्याकडे बसून चहा घेतलास ते पण धरलंस का यात?" धरलं होतं, पंचवीस मिनिटं. सगळ्यांसमोर पेनाने खोडलं. आता १४२ तास ३५ मिनिटं.

मानधनाचा विषय निघाला, पण विषयपत्रिकेत नव्हता, अध्यक्ष म्हणाले खर्चाचा विषय आयत्या वेळी घेता येणार नाही. बरंच झालं. मला बल्ब बदलायचे नाहीत.

मिळालं ते एवढं. बिलांचं काम ऑक्टोबरपासून बाहेरच्या माणसाला, महिना पंधराशे, तो खर्च कमिटीच्या अधिकारात बसतो. २०२च्या ताईंनी स्वतःहून इंडेक्स टूचे उरलेले तीन कागद आणायचं अंगावर घेतलं, का ते विचारलं नाही. आणि फोनची वेळ ठरली.

स्टेशनरीवाल्याला मी फोन केला होता. तो म्हणाला, "ताई, मार्चनंतर बघू."

निवृत्त_लेखणी | २९ सप्टेंबर, रात्री ११:०५

फोनच्या वेळेची नोटीस कशी लिहिलीत? मसुदा इथे टाका, बऱ्याच जणांना लागेल.

वरची_टाकी | ३० सप्टेंबर, सकाळी ९:१४

घ्या, सकाळीच फळ्यावर लावली:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की सोसायटीच्या कामासाठी सेक्रेटरींना रोज रात्री ८ ते ९ या वेळेत फोन करावा. पाणी, वीज, टँकर यासाठी प्रथम वॉचमनला सांगावे. आग, शॉर्टसर्किट किंवा कोणाची तब्येत बिघडल्यास केव्हाही. घरातील गळतीबाबत तक्रार लेखी द्यावी."

आत्ता भाजी घेऊन वर येताना बघितलं, खाली कोणीतरी निळ्या पेनाने लिहिलंय, "आणि साप आला तर?"

@घोणस, मी खाली लिहिलं, "आधी फोटो पाठवा."